तिसऱ्या अंकातला जोहार

स्नेहसंमेलनात या वर्षी 'कुलमर्यादा' करायचं ठरलं, तेव्हा प्राचार्य पंजाबरावांनी एकच अट घातली. तिसऱ्या अंकातला धोंड्याचा प्रवेश काढायचा.

"तेवढा काढून टाका, इंगोले सर," ते म्हणाले. "बाकी नाटक सोन्यासारखं आहे. कायले वाद अंगावर घेता?"

प्रसेनजित इंगोले मंगरूळच्या त्या कॉलेजात मराठी शिकवत. 'कुलमर्यादा' बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला नेमलेलं होतं. शंभर वर्षांपूर्वीचं नाटक. एका इनामदाराची बालविधवा मुलगी, तिच्या पुनर्विवाहाला घराचा विरोध, आणि शेवटी विहिरीत सापडणारं तिचं प्रेत. लेखक त्या काळातला मोठा सुधारक. पहिल्या प्रयोगावर म्हणे लोकांनी दगड फेकले होते. अशा त्या नाटकात तिसऱ्या अंकात धोंड्या नावाचा गावकामगार निरोप घेऊन इनामदाराच्या दारात येतो. आल्याबरोबर "जोहार, मायबाप" म्हणतो. त्याची सावली उंबऱ्यावर पडते म्हणून इनामदार ओरडतो, आणि धोंड्या स्वतःच्याच सावलीपासून पळायला लागतो. उडी मारून मागे जातो, सावली बरोबर जाते. बाजूला होतो, ती बाजूला होते. मग निरोप सांगताना 'पुनर्विवाह' हा शब्द त्याला येत नाही. तो 'पुरणाचा इवाव' म्हणतो आणि पुरण कधी मिळणार म्हणून विचारतो. इनामदारीण वरून शिळी पोळी टाकते. ती पदरात झेलून धोंड्या नाचत निघून जातो. मुलगी विहिरीत उडी टाकायच्या आधी प्रेक्षकांना जरा हलकं वाटावं, एवढ्यासाठीच लेखकानं हा प्रवेश घातला होता.

"सर, हाच प्रवेश राहिला पाहिजे," प्रसेनजित म्हणाले. "लेखकाला जे सांगायचं होतं ते बाकीच्या नाटकात आहे. त्याच्या नकळत जे सांगितलं गेलं, ते इथं आहे. विधवेसाठी रडणाऱ्या माणसाला दारातला माणूस दिसलाच नाही. त्याला तो फक्त हसायच्या कामाचा वाटला. तो काळ कसा होता हे पोरांना यातून जेवढं कळेल, तेवढं माझ्या वर्षभराच्या तासांतून कळणार नाही."

"आणि लोक चिडले तर?"

"चिडणार नाहीत. गप्प बसतील. आम्ही तो प्रवेश विनोदी करणारच नाही. शब्द जसेच्या तसे, पण थंडपणे. धोंड्या उड्या मारणार नाही, फक्त एकेक पाऊल मागे घेईल."

पंजाबराव थोडा वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "तुमी म्हनता तर ठेवा," ते म्हणाले. "तुमीच म्हनता म्हनून." त्या शेवटच्या वाक्यात काय होतं ते प्रसेनजितना कळलं. कोणी आक्षेप घेतलाच तर दाखवायला त्यांचं नाव होतं.

धोंड्याच्या कामासाठी त्यांनी करण खिल्लारेला निवडलं. करण आसेगावचा, प्रसेनजितच्याच वस्तीतला. बाप लहानपणी वारलेला. आई भागिरथा निंदणाखुरपणाला जायची आणि आजोबा उकंडराव दिवसभर ओट्यावर बसून असायचे. पोरात नाटक असं भरलेलं की वर्गात कोणत्याही प्राध्यापकाची चाल हुबेहूब करून दाखवायचा.

"सर, मीच काहून?" त्यानं विचारलं. "इनामदार तं गोपालले देला तुमी."

गोपाल त्याचा जवळचा दोस्त. त्याच्या घरची गावालगत भाजीची वाडी होती. पहाटे बाजारात वांगी-मेथी उतरवून तो कॉलेजात यायचा आणि करणला रोज मोटरसायकलवर मागे बसवून आणायचा.

"गोपालला आवाज आहे, म्हणून इनामदार," प्रसेनजित म्हणाले. "आणि तुला समज आहे, म्हणून धोंड्या. हे काम दुसऱ्या कोणी केलं तर तो नकला करेल. तू करशील तेव्हा लोकांना त्यामागचा माणूस दिसेल."

करण जायला वळला. मग म्हणाला, "आबाले सांगू का?"

"सांग ना. त्यांना घेऊनच ये."

तालमी महिनाभर चालल्या. करणनं काम असं बसवलं की प्रसेनजितच्याही अंगावर काटा यायचा. तो उंबऱ्यापासून एकेक पाऊल मागे सरायचा, नजर जमिनीवर, जणू पायाखाली काही चिरडलं जाईल अशी काळजी. 'पुरणाचा इवाव' हे शब्द तो इतक्या हळू म्हणायचा की तालमीला बसलेली पोरं खाली बघायची. नायिकेचं काम करणारी राधिका एकदा रडली. गोपालनं तालीम संपल्यावर करणच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "यार, मले तुले हाकलायची लाज वाटते बे."

प्रसेनजितना वाटलं, आपण बरोबर होतो.

प्रयोग दुपारी कॉलेजच्या मैदानावर मंडपात झाला. पोरं होतीच, पण आसपासच्या गावांतूनही माणसं आली होती. तूर निघालेली, हरभरा उभा, लोकांना थोडी सवड होती. संस्थेचे लोक पुढच्या सोफ्यांवर बसलेले. भागिरथा लुगड्याचा पदर सावरत बायकांत बसली. उकंडराव पांढरा सदरा आणि निळी टोपी घालून आले होते. प्रसेनजितनी त्यांना कडेच्या खुर्चीवर जागा करून दिली.

पडदा उघडायच्या आधी प्रसेनजित चार शब्द बोलले. आपण आज जे बघणार आहोत ते त्या काळाचं चित्र आहे, जुनं साहित्य आपल्या समाजाचा आरसा असतं, असं काहीसं. लाऊडस्पीकर खरखरत होता. मागे कोणीतरी शिटी वाजवली.

पहिले दोन अंक लोकांनी जांभया देत पाहिले. भाषा जुनी, वाक्यं लांब. राधिकाच्या लांबलचक स्वगताच्या वेळी मागची पोरं मोबाईल काढून बसली. मग तिसरा अंक आला. करण रंगमंचावर आला, अंगावर घोंगडं, हातात काठी, डोकं खाली.

"जोहार, मायबाप."

मंडपात हशा फुटला.

एवढ्यात हसण्यासारखं काहीच झालं नव्हतं. फक्त तो आला होता, आणि तो शब्द बोलला होता. करण गोंधळला. ठरल्याप्रमाणे तो थांबला. गोपाल ओरडला, "सावली! सावली पडते ना उंबऱ्यावर!" करणनं एक पाऊल मागे घेतलं. हशा वाढला. त्यानं दुसरं पाऊल घेतलं. पुढच्या सोफ्यावरचा एक माणूस मांडीवर थाप मारून हसला आणि शेजाऱ्याला म्हणाला, "पोट्टं मस्त करून राह्यलं बे."

विंगेत उभ्या प्रसेनजितना वाटलं, आता करण थांबेल. दोन क्षण गप्प उभा राहील, लोकांकडे बघेल. तालमीत त्यांनी त्याला हेच सांगितलं होतं: हसले तर तू थांब, ते गप्प होतील.

करण थांबलाही. लोक गप्प झाले नाहीत. मग त्यानं उडी मारली.

पहिली उडी लहान होती, अडखळल्यासारखी. मंडप उसळला. त्यानं पुन्हा "जोहार, मायबाप" म्हटलं आणि दुसरी, मोठी उडी मारली. मग तो सावलीला चकवल्यासारखा डावीकडे वळला, उजवीकडे झेपावला, घोंगडं डोक्यावर घेऊन वाकला, सावली गेली का म्हणून पायांच्या मधून बघितलं. यातलं काही तालमीत नव्हतं. उड्या सोडल्या तर नाटकातही नव्हतं. 'पुरणाचा इवाव' म्हणताना त्यानं जिभल्या चाटल्या, आणि वरून पोळी पडली तेव्हा ती तोंडातच झेलली. शिट्या थांबेनात. मागची पोरं खुर्च्यांवर उभी राहून मोबाईलवर शूटिंग करत होती. गोपालसुद्धा इनामदाराच्या मिशीमागे हसत होता, त्याला हसू आवरेना.

कडेच्या खुर्चीवरचे उकंडराव उठले. काठी टेकत, लोकांच्या गुडघ्यांतून वाट काढत ते मंडपाबाहेर निघून गेले. भागिरथा त्यांच्या मागे गेली. पोळी तोंडात धरलेल्या करणला ते दिसलं. प्रसेनजितना त्याच्या डोळ्यांवरून कळलं की त्याला ते दिसलं. तरी तो नाचत नाचतच विंगेत आला.

आत आल्यावर त्यानं पोळी थुंकली आणि भिंतीला टेकून उभा राहिला. प्रसेनजित त्याच्याजवळ गेले. बाहेर अजून टाळ्या पडत होत्या. राधिका विहिरीत उडी टाकायला रंगमंचावर गेली तेव्हा लोक "धोंड्या, धोंड्या" म्हणून ओरडत होते.

उत्कृष्ट अभिनयाचं बक्षीस करणला मिळालं. पंजाबरावांनी प्रसेनजितचा हात हातात घेऊन हलवला. "मी उगाच घाबरत होतो बुवा! लोकाईले लय आवडलं."

संध्याकाळी प्रसेनजित खिल्लारेंच्या घरी गेले. उकंडराव ओट्यावर बसले होते. करण आत होता, बाहेर आला नाही.

"आबा, माझं चुकलं," प्रसेनजित म्हणाले. "मी त्याला तसं करायला सांगितलं नव्हतं."

"तू नाई सांगतलं. मले मालूम हाय." उकंडरावांनी पाय खाली सोडले. "मी लहान होतो. माह्या बापासंगं पाटलाच्या घरी जाव. बाप लांबूनच वाकून म्हने, जोहार मायबाप. मंग छप्पन साली आपण धम्म घेतला. दुसऱ्या दिवशी पाटील वाटंत भेटला. बाप म्हने, 'जय भीम.' त्यानं माह्या बापाले आंब्याच्या झाडाले बांधून मारलं. पाठ फुटली, पन तो शब्द पुन्हा नाई आला त्याच्या तोंडात. मरेलोक नाई आला." त्यांनी काठी जवळ ओढली. "आज माह्या नातवाच्या तोंडातून आयकला. लोक हसले, अन् त्यानं पुन्हा म्हनला."

भागिरथानं प्रसेनजितना चहा दिला. पहिल्यांदाच तिनं त्यांना 'भाऊ' म्हटलं नाही.

व्हिडिओ दोन दिवसांत तालुकाभर फिरला. कोणीतरी त्यावर ढोलकी लावली होती. करण स्टँडवर दिसला की तिथली पोरं म्हणायची, "जोहार, धोंड्या!" सुरुवातीला तो हसून उत्तर द्यायचा. कोणी फारच गळ घातली तर एखादी उडी मारून दाखवायचा, मग सगळे खिदळायचे आणि त्याला चहा पाजायचे. गोपाल तर कॉलेजच्या फाटकात गाडी लावल्याबरोबर त्याला सलाम ठोकायचा, "या धोंडोपंत." कँटीनवाला पण म्हणायचा. पुढे जे पोरगे म्हणायचे ते त्याच्या ओळखीचेही नव्हते. एकदा वर्गात हजेरी घेताना त्याचं नाव आलं आणि मागून कोणीतरी "जोहार" म्हणून हजेरी दिली. प्रसेनजितनी त्या पोराला बाहेर काढलं. पण बाकीचा वर्ग हसला होता, सगळ्यांना कसं बाहेर काढणार?

करणनं उड्या बंद केल्या. मग गोपालच्या गाडीवर बसणं बंद केलं. गोपालला वाटलं, याला बक्षिसाचा माज चढला.

फेब्रुवारीत उकंडरावांचे डोळे दाखवायला करण त्यांना मंगरूळला घेऊन आला. दवाखाना करून दोघं स्टँडजवळच्या चहाच्या टपरीवर बसले. राधिका तिथं मैत्रिणीबरोबर बसची वाट बघत होती. गोपाल आणि त्याचे दोन चुलतभाऊ मोटरसायकली लावून उभे होते. गोपालनं उकंडरावांना ओळखलं. तो हसत पुढे आला. नेहमीसारखंच, थट्टेत, त्यानं कमरेत वाकून हात जोडले.

"जोहार, आबा!"

करणनं त्याच्या थोबाडीत मारली.

पुढचं फार लवकर झालं. चुलतभावांनी करणला खाली पाडलं. गोपालही त्यात होता. लाथा, बुक्क्या; एकानं टपरीवरचा लाकडी बाक उचलला. उकंडराव मध्ये पडायला गेले तर त्यांना कोणीतरी ढकललं आणि ते ग्लासांच्या ट्रेवर पडले. "सावलीत राह्य बे तुह्या," असं कोणीतरी ओरडत होतं. लोक गोळा झाले, पण बाकाचा फटका करणच्या कानावर बसेपर्यंत कोणी हात घातला नाही.

त्याला अकोल्याला न्यावं लागलं. डाव्या कानाचा पडदा फाटला होता, आतलं हाडही दुखावलं होतं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला, कानाचं सांगता येत नाही.

प्रसेनजित दवाखान्यात रोज जात. तिसऱ्या की चौथ्या दिवशी करण बोलायला लागला.

"पोलीस येणार आहेत बयान घ्यायला," प्रसेनजित म्हणाले. "सगळं सांग. ते काय म्हणाले, कधीपासून म्हणत होते. तू स्वतः उड्या मारून दाखवायचास, ते काही सांगायची गरज नाही."

करणनं पट्टी बांधलेलं डोकं त्यांच्याकडे वळवलं. "ते बी सांगतो."

"कशाला? त्याचा फायदा ते घेतील."

"घेऊ द्या." तो छताकडे बघू लागला. "सर, तुमी म्हनले, हसले तं थांब. मी थांबलो. पण ते हसले नं, तवा मले बरं वाटलं. आजवर माह्याकडं येवढे लोक कदी पाहत नव्हते. आबा उठून जाऊन राह्यले हे बी दिसलं. तरी बरंच वाटत होतं. तेच मले खाऊन राह्यलं. बाकाचं काय, बाक तं लागतोच."

प्रसेनजितनी त्याच्या पायावर पांघरूण नीट केलं.

ठाण्यात साहेबांनी करणचं बयान वाचून बाजूला ठेवलं. "मारहाण तर हाय, ते लिहितो," ते म्हणाले. "पन अॅट्रॉसिटी कशी लावू? जात कुठं काढली? नाव घेतलं तं नाटकातलं. अन् जोहार म्हंजे काय, नमस्कारच ना?"

"तो नमस्कार फक्त एकाच जातीकडून करून घेतला जायचा, साहेब," प्रसेनजित म्हणाले.

"कवा?"

"पूर्वी."

"मंग?" साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. "अन् नाटक कोनं बसवलं होतं?"

वस्तीतली माणसं ठाण्यासमोर दिवसभर बसून राहिली, तेव्हा कलम लागलं. गोपाल आणि त्याच्या भावांना अटक झाली, जामीनही झाला. परीक्षेला तिघेही बसले. करण बसला नाही.

कॉलेजनं चौकशी समिती नेमली. तिच्या अहवालात लिहिलं होतं की सदर प्रवेश वगळण्याची सूचना प्राचार्यांनी केली होती, परंतु संबंधित प्राध्यापकांनी आग्रह धरला. त्यात एकही शब्द खोटा नव्हता.

साक्ष देशील का म्हणून विचारायला प्रसेनजित राधिकाच्या घरी गेले. तिनं सगळं डोळ्यांनी पाहिलं होतं. ती दारातच आली. मागे तिचे वडील उभे होते.

"सर, माह्यं लग्न जमून राह्यलं," ती म्हणाली. "कोर्टात गेली तं पोट्टीनं कोर्ट पाह्यलं म्हनतीन." मग हळूच, वडिलांना ऐकू जाणार नाही असं, ती म्हणाली, "करणले सांगा, मी पाह्यलं." उन्हाळ्यात ती लग्न होऊन पुसदला गेली.

खटला उभा राहायला दोन पावसाळे गेले. तोवर करण अकोल्यात दिलेल्या बहिणीकडे राहून एका मोबाईलच्या दुकानात लागला होता. डावा कान गेला तो गेलाच. वाशीमच्या कोर्टात तारखेला तो सकाळच्या बसनं यायचा आणि प्रसेनजित आसेगावहून उकंडरावांना घेऊन यायचे.

उकंडरावांची साक्ष आधी झाली. गोपालच्या वकिलांनी त्यांना अदबीनं विचारलं, "आजोबा, तुम्ही स्वतः आयुष्यात कधी कोणाला जोहार केला?"

"नाई."

"मग त्या शब्दात अपमान आहे हे तुम्हाला कसं माहीत?"

"माह्या बापाले करतानी पाह्यलं."

"म्हणजे स्वतःचा अनुभव नाही." वकील कोर्टाकडे वळले. "एवढंच."

मग प्रसेनजितना पिंजऱ्यात बोलावलं. वकिलांनी विद्यापीठानं छापलेली 'कुलमर्यादा'ची प्रत त्यांच्या हातात दिली.

"हे नाटक तुम्ही शिकवता?"

"हो."

"किती वर्षं?"

"बरीच."

"मग यात धोंड्याची जात कुठं लिहिली आहे, ते कोर्टाला दाखवा."

प्रसेनजितनी पान उघडलंही नाही. "लिहिलेली नाही."

"कुठंच नाही?"

"कुठंच नाही. लिहायची गरज नव्हती. त्या काळच्या प्रेक्षकाला जोहार म्हटल्याबरोबर कळायचं. जे सगळ्यांना माहीत असतं ते कोणी लिहीत नाही. लिहिलेलं नाही, यावरूनच तो काळ कळतो."

"तुमचा तास नाही हा, सर," वकील म्हणाले. कोणीतरी खोकलं. "लिहिलेली नाही, एवढं पुरे. आता तो प्रवेश कोर्टाला वाचून दाखवा. म्हणजे त्यात जातिवाचक काय आहे, ते कोर्टच ठरवेल."

न्यायाधीशांनी मान हलवली. प्रसेनजितनी प्रवेश काढला. त्यांना वाटलं होतं आवाज फुटणार नाही, पण फुटला. त्यांनी अगदी कोरडं वाचलं, जमिनीचा सातबारा वाचावा तसं. जोहार वाचला, सावली वाचली, कंसातल्या सूचनाही वाचल्या: धोंड्या उडी मारतो, पुन्हा मारतो. 'पुरणाचा इवाव' आलं तेव्हा मागच्या बाकावरून फस्सकन आवाज आला. कोणत्या तरी दुसऱ्याच तारखेला आलेला एक माणूस तोंडावर रुमाल धरून हसत होता. दारातल्या शिपायालाही हसू आलं आणि त्यानं पटकन तोंड फिरवलं.

"शांतता," न्यायाधीश म्हणाले.

आरोपींच्या जागी उभा असलेला गोपाल हसला नाही. त्यानं मान इतकी खाली घातली होती की त्याचा चेहरा दिसत नव्हता. करण बाकावर उजवा कान पुढे करून बसला होता. त्यानं शेवटच्या ओळीपर्यंत सगळं ऐकलं.

निकाल दिवाळीच्या आधी लागला. मारहाण सिद्ध झाली. आरोपी तरुण, विद्यार्थी, पहिलाच गुन्हा, आणि पहिला हात फिर्यादीनं उचलल्याचं त्याच्याच बयानात आलेलं, हे सगळं धरून चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर तिघांना सोडून दिलं. जातिवाचक अपमान शाबित झाला नाही. निकालात लिहिलं होतं की 'जोहार' हा अभिवादनाचा जुना शब्द असून, प्रस्तुत नाट्यकृतीत जातीचा उल्लेख आढळत नाही.

कोर्टाच्या आवारात गोपाल करणसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या मिशा आता खऱ्या आल्या होत्या. काहीतरी बोलला, पण तो करणच्या डाव्या बाजूला उभा होता.

"इकडून ये," करण म्हणाला.

गोपाल दुसऱ्या बाजूला यायच्या आत त्याच्या भावानं त्याला दंडाला धरून नेलं.

"काय म्हणाला तो?" करणनं प्रसेनजितना विचारलं.

"मलाही नीट ऐकू नाही आलं," प्रसेनजित म्हणाले. ते खरं होतं. गर्दी फार होती.

"अपील करू आपण," ते पुढे म्हणाले.

"तुमी करा, सर. मले सुटी नाई भेटत." करणनं अकोल्याची बस लागलेली पाहिली. "पुढच्या सालीबी ते नाटक हाय का शिकवाले?"

"आहे. अभ्यासक्रम बदलायला वेळ लागतो."

"मंग शिकवा. तो प्रवेश नका टाळू." बसच्या पायरीवर चढून तो वळला. "फक्त कोनाले उभं राहून कराले नका लावू."

त्या दिवशी उकंडराव कोर्टात आले नव्हते. पाय सुजले होते. प्रसेनजित आसेगावला पोचले तेव्हा ऊन कलत होतं. म्हातारा ओट्यावरच होता. भागिरथा सोयाबीनच्या शेंगा सुपात घेऊन बसली होती. प्रसेनजितनी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. मारहाणीचं, हमीचं, सुटल्याचं.

"अन् त्या शब्दाचं काय म्हनलं कोर्टानं?" शेवटी म्हाताऱ्यानं विचारलं.

"म्हणाले, तो जुना नमस्कार आहे."

उकंडरावांनी समोरच्या वाटेकडे बघितलं. शेतातून माणसं परतत होती. बैलगाडी गेली, मागून एक ट्रॅक्टर गेला. वरच्या आळीतले दोघं एकमेकांना रामराम करून आपापल्या घराकडे वळले.

"नमस्कार हाय," ते म्हणाले, "तं हे एकमेकाले काहून नाई करत?"

भागिरथाचं सूप थांबलं. मग तिनं आत जाऊन चहाचं आधण ठेवलं. बाहेर येऊन तिनं प्रसेनजितसमोर पाट सरकवला.

"बसा, भाऊ," ती म्हणाली.